वारबुर्गची फिर्याद

बर्लिनच्या दालेम या उपनगरातील कैसर विल्हेल्म संस्थेत, पहिले महायुद्ध संपून थोडी वर्षे लोटली असताना, ओटो वारबुर्ग नावाचा एक जर्मन रसायनज्ञ उंदरांच्या अर्बुदांचे अत्यंत पातळ काप करून ते शर्करायुक्त द्रावात, काचेच्या लहानशा कुप्यांत ठेवी, आणि कुपीला जोडलेल्या वक्रनलिकेतील द्रवाची पातळी किती चढली वा उतरली एवढ्यावरून त्या कापाने किती प्राणवायू घेतला व किती आम्ल निर्माण केले याचा जमाखर्च मोठ्या काटेकोरपणाने मांडीत असे. यीस्टला हवा मिळाली की त्याचे किण्वन मंदावते, हे पाश्चरने १८६१ मध्येच दाखविले होते. आणि हवा मिळताच किण्वन आवरते घ्यावे, हा नियम प्राण्यांच्या बहुतेक पेशीही पाळतात. अर्बुदाच्या कापांनी मात्र तो पाळला नाही. प्राणवायूचा तोटा नसतानाही ते शर्करेचे लॅक्टिक आम्ल करीतच राहिले. या एका विसंगतीवरून वारबुर्गने आपली फिर्याद रचली : पेशीच्या श्वसनयंत्रणेला जी कधीही भरून न येणारी इजा होते तीच कर्करोगाचे मूळ कारण होय, बाकीची सारी कारणे दुय्यम. श्वसनविकराच्या शोधासाठी त्याला १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिटलरच्या राजवटीत, पित्याकडून यहुदी कुळातला असूनही, त्याने जर्मनी सोडली नाही. १९५६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने हीच फिर्याद नव्याने गुदरली, १९६६ मध्ये लिंडाऊ येथे नोबेल-विजेत्यांच्या मेळाव्यात तिचाच पुनरुच्चार केला, आणि १९७० मध्ये मरण पावेपर्यंत तीतला एक शब्दही मागे घेतला नाही.

माणूस हेकट असला म्हणजे त्याचे म्हणणे खोटेच असते असे नाही, आणि खरेच असते असेही नाही. या वादात दोन्ही पक्षांची कैफियत सविस्तर ऐकल्याखेरीज निकाल देऊ नये असे मला वाटते. म्हणून मी येथे दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक, महाविद्यालयात जीवरसायन शिकवून निवृत्त झालेले मामा, ज्यांचा वारबुर्गवर लोभ आहे. आणि दुसरी त्यांची भाची, जी विकृतिशास्त्राची डॉक्टर असून जिचा बहुतेक दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात जातो. मध्ये मध्ये मीही तोंड घालणार आहे. पात्रे माझीच असल्यामुळे तेवढा अधिकार मला असावा.

मामा : तुमचे शल्यविशारद रुग्णाला पेट स्कॅनला पाठवितात, तेव्हा प्रत्यक्षात काय करवितात याचा तू कधी वारबुर्गच्या बाजूने विचार केला आहेस का? ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होऊन जाते, म्हणून ते दूर देशाहून मागविण्याची सोय नाही, आणि म्हणूनच मुंबईला परळ येथे २००२ साली खास वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसवावा लागला. मग शरीराच्या कोणत्या भागाने ती साखर अधाशासारखी ओढून घेतली ते पडद्यावर पाहावयाचे. जे त्या जर्मनाने कुपीतल्या कापात पाहिले, तेच तुम्ही जिवंत माणसाच्या देहात पाहता, त्यावर निदान करता, उपचार ठरविता, आणि वर पुन्हा सांगता की वारबुर्ग चुकला!

भाची : मामा, तो चुकला असे मी म्हटले ते त्याच्या निरीक्षणाबद्दल नव्हे, त्यावरून त्याने काढलेल्या अनुमानाबद्दल. पेट स्कॅन एवढेच सांगते की अमुक जागी साखरेची उचल मोठी आहे. तेथील श्वसन मोडले आहे की नाही याविषयी ते एक अक्षरही बोलत नाही. मेंदू त्यात नेहमीच उजळलेला दिसतो. क्षयाची गाठही तितकीच उजळते, आणि आपल्या देशात तर क्षय की कर्करोग हा घोटाळा त्या चित्रावरून इतक्या वेळा होतो की शेवटी गाठीचा तुकडा माझ्याच टेबलावर यावा लागतो. डोळ्यातील दृष्टिपटल प्राणवायू असतानाही लॅक्टिक आम्ल करते, हे खुद्द वारबुर्गनेच पाहिले होते. जंतूंशी झुंजण्यासाठी भराभर विभागणाऱ्या आपल्या लसिकापेशीही तेच करतात. या साऱ्यांना आपण कर्करोगी म्हणणार आहोत का? आणि अर्बुदाच्या पेशी श्वसन करीतच नाहीत, हेही खरे नाही; १९५६ मध्ये वारबुर्गचा लेख आला, त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस यांनी त्याला उत्तर दिले की पुष्कळशा अर्बुदांचे श्वसन निरोगी पेशींइतकेच सुरळीत चालते.

मामा : सुरळीत चालते, तर मग हा उधळेपणा कशासाठी? एका ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करून पेशीच्या पदरात एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू पडतात. तेच ग्लुकोज तंतुकणिकांत (मायटोकाँड्रियांत) नेऊन प्राणवायूच्या साहाय्याने पुरते जाळले तर सुमारे तीस. हातात तिसाची सनद असताना दोनावर समाधान मानणारा कारभारी एक तर वेडा असला पाहिजे किंवा त्याची सनद जप्त झालेली असली पाहिजे. वारबुर्ग म्हणाला, जप्त झाली आहे. तू म्हणतेस, नाही. मग तो वेडा आहे असे तुला म्हणावे लागेल.

भाची : तुम्ही एटीपी हे एकच नाणे मोजता, म्हणून तुम्हाला ते वेड दिसते. ज्या पेशीला दोन पेशी व्हावयाचे आहे तिला नुसती ऊर्जा पुरत नाही. तिला दुप्पट पटले, दुप्पट प्रथिने आणि जनुकद्रव्याची संपूर्ण दुसरी प्रत लागते, आणि या सगळ्याला कार्बन लागतो. घर बांधावयास काढलेला माणूस हाताशी आलेले साग-शिसव चुलीत घालीत नाही, ते तुळईसाठी राखतो. आणि चुलीला काटक्या कमी पडल्या तर तेवढ्यापुरत्या दुसरीकडून गोळा करतो. ग्लुकोजचे शेवटपर्यंत ज्वलन केले म्हणजे त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. वाटेत मध्येच थांबविले म्हणजे त्याचे तुकडे बांधकामाला मिळतात. हे म्हणणे व्हँडर हायडन, कँटली आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये व्यवस्थित मांडले आणि आज ते बरेचसे मान्य आहे. आता तुम्ही विचाराल की मग लॅक्टिक आम्लाच्या रूपाने एवढा कार्बन या पेशी बाहेर का टाकतात. त्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, हे मला कबूल आहे.

येथे भाचीने जे नाणे म्हटले त्या एटीपीच्या शोधाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे, आणि ते आपल्याकडे जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही. जर्मनीत कार्ल लोमान याने आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हा पदार्थ १९२९ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला. सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे. वैद्यकाचे शिक्षण मद्रासेस झालेले. पुढे ते लेडर्ली या औषधसंस्थेत गेले, तेथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक आम्ल आणि त्याची विरोधी द्रव्ये तयार केली, आणि त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या बालकांना देऊन, पूर्वी कोणत्याही औषधाने न साधलेला तात्पुरता उतार १९४८ मध्ये जगाला दाखविला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सुब्बाराव निवर्तले. एटीपी आणि अमिनोप्टेरिन या दोहोंमागे एकच नाव असावे, या योगायोगात मला भाचीच्या पक्षाचा एक पुरावा दिसतो. ऊर्जेचे चलन शोधणाऱ्याच्याच प्रयोगशाळेतून कर्करोगावरचे जे औषध निघाले, ते पेशीची ऊर्जा तोडणारे नव्हते. जनुकद्रव्याची नवी प्रत करावयास लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा तोडणारे होते.

मामा मात्र एवढ्याने खाली बसणारे नव्हेत.

मामा : बरे, जनुकांच्या गोष्टी तुम्हा लोकांना प्रिय आहेत, तर जनुकाचाच दाखला देतो. २००० साली मानेतील एका विशिष्ट गाठीचा, पॅरागँग्लिओमाचा, आनुवंशिक दोष सापडला. तो कोठे सापडला? सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या विकराच्या जनुकात. म्हणजे क्रेब्सने १९३७ साली मांडलेल्या चक्रातला आणि श्वसनशृंखलेतला, दोहोंकडे चाकरी करणारा असा तो एकुलता विकर! दोनच वर्षांनी त्याच चक्रातल्या शेजारच्या विकराचा, फ्यूमरेजचा, दोष मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक कर्करोगात आढळला. क्रेब्स हा वारबुर्गच्याच हाताखाली तयार झालेला. शिष्याच्या चक्रातले दात मोडले की कर्करोग होतो, हे सिद्ध झाल्यावरही गुरूची फिर्याद काढून टाकावयाची, याला न्याय म्हणावयाचे काय?

भाची : हा तुमचा सर्वांत बळकट साक्षीदार आहे, मामा, म्हणून त्याची उलटतपासणी नीट करू द्या. हा विकर मोडला की पेशीला ऊर्जेचे दुर्भिक्ष होते आणि म्हणून ती कर्करोगी बनते, असे वारबुर्गच्या मताप्रमाणे व्हावयास हवे होते. होते ते निराळेच. सक्सिनेट साचते, आणि ते साचलेले सक्सिनेट दुसऱ्याच काही विकरांचे काम बंद पाडते. त्यांचे काम असे की प्राणवायू पुरेसा असेल तर एचआयएफ नावाच्या प्रथिनाला मोडीत काढण्याची खूण करावयाची. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल ज्यासाठी मिळाले तीच ही योजना. खूण झाली नाही की एचआयएफ शिल्लक राहते, आणि पेशी समजते की प्राणवायू संपला. मग ती नव्या रक्तवाहिन्या मागविते, साखरेची उचल वाढविते. प्राणवायू तर भोवती भरपूर असतो! म्हणजे येथे तूट नाही, खोटा दाखला आहे. मेंदूच्या ग्लायोमात हेच आणखी स्पष्ट होते. तेथे २००८ मध्ये आयडीएच या विकराचे उत्परिवर्तन सापडले; पुढच्याच वर्षी कळले की बिघडलेला विकर बेकार झालेला नाही, तो एक भलतेच द्रव्य तयार करू लागला आहे, आणि ते द्रव्य जनुकांवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवून पेशीला प्रौढ होऊ देत नाही. त्या विकराला आवरणारी औषधे आता रक्ताच्या कर्करोगात वापरात आहेत. तंतुकणिकांतून निघणारे पदार्थ हे इंधन तर आहेतच, पण ते पेशीच्या मुख्य दप्तराकडे जाणारे अहवालही आहेत, आणि अहवालात फेरफार झाला तर सारा कारभार फिरतो. वारबुर्गला हा भाग दिसणे शक्यच नव्हते.

माझ्या मते वादाचा निर्णायक क्षण हाच आहे, आणि म्हणून मी येथे जरा थांबतो. वारबुर्गने फिर्याद केली ती खरीच होती, पण कलम चुकीचे लावले. त्याने मोडतोडीचा आरोप केला. गुन्हा बहुतेक ठिकाणी दप्तरातील अफरातफरीचा निघाला. उलट पक्षाने पुढील अर्धशतक काय केले? १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की अर्बुदे निर्माण करणाऱ्या विषाणूचे जनुक हे मुळात निरोगी पेशीतूनच आलेले आहे. तेव्हापासून कर्करोग म्हणजे जनुकांचा रोग, हे वचन इतके सर्वमान्य झाले की चयापचयाकडे पाहणे हे जुन्या वळणाच्या अध्यापकांचे काम समजले गेले. चुकीचे कलम लावलेली फिर्याद फेटाळताना मुद्देमालही फेकून द्यावयाचा, असा हा प्रकार झाला. मामांच्या लोभाचे कारण मला यात सापडते.

मामा : तुझ्या अहवालांच्या गोष्टीवरून मला कमलाबाई सोहोनींची आठवण होते. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्या बाई म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारणारे रामन, आणि दारातून न हलता तो मिळविणाऱ्या कमलाबाई, ही कथा तू ऐकलीच असशील. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून दाखविले की सायटोक्रोम-सी हा श्वसनातला घटक वनस्पतींच्याही पेशींत असतो, आणि १९३९ मध्ये त्यांना तेथील डॉक्टरेट मिळाली. त्या काळी सायटोक्रोम-सीचे काम एकच ठाऊक होते : विजेचे कण पुढच्या हाती देणे. बिचारा हमाल! आणि १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांनी दाखविले की हाच हमाल तंतुकणिकेच्या भिंतीबाहेर पडला की पेशीच्या मृत्यूचे फर्मान निघते.

दुर्गाबाई भागवतांचे लेखन ज्याने वाचले नाही असा रसिक मराठी वाचक विरळा. कमलाबाई त्यांच्या सख्ख्या भगिनी, पण बटाट्यातील सायटोक्रोमविषयी आपल्या साहित्यात कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. असो.

भाची : आणि म्हणूनच, मामा, तंतुकणिका मोडून टाकणे कर्करोगाला परवडत नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या अर्बुदपेशींतील तंतुकणिकांचे जनुकद्रव्य काढून टाकले आणि त्या पेशी उंदरांना टोचल्या. अर्बुद होईना, आणि झाले तेव्हा असे दिसले की त्या पेशींनी आश्रयदात्या प्राण्याच्या पेशींकडून तंतुकणिकांचे जनुकद्रव्य मिळविले होते! पेशीला श्वसन हवे असते. तिला नको असते ते फर्मान. त्यासाठी ती बीसीएल-टू नावाच्या प्रथिनाचे अतोनात उत्पादन करून तंतुकणिकेचे दार आतून लावून घेते. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध तेच प्रथिन निकामी करते, आणि २०१६ पासून ते रक्ताच्या काही कर्करोगांत दिले जाते. आता एक गंमत सांगते. या पद्धतीने नीटनेटके मरावयासही पेशीला एटीपी लागतो. तिची ऊर्जा पार संपली तर ती फुटून, भोवती दाह पसरवून, अव्यवस्थित मरते.

मामा : म्हणजे श्वास आणि मृत्यू यांचे दप्तर एकाच खोलीत आहे, हे तुला मान्य. मग वार्धक्याकडे वळण्याचा मार्ग मोकळा झाला. माक्स रुब्नर याने १९०८ मध्ये निरनिराळ्या जनावरांचे हिशेब करून दाखविले की, माणसाचा अपवाद सोडला, तर दर किलो वजनामागे जन्मभरात खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच भरते. रेमंड पर्ल याने १९२८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आयुष्याची पुंजी बांधलेली. जो भराभर खर्च करील तो लवकर संपेल. मग १९५६ मध्ये, बघ, पुन्हा तेच वर्ष, डेनम हार्मन याने त्याला रसायनाची जोड दिली : श्वसनातून मुक्त मूलके सुटतात, ती पेशीला आतून गंजवितात, आणि त्या गंजाचेच नाव म्हातारपण. किती देखणा सिद्धान्त आहे!

भाची : देखणा आहे खराच, आणि त्यापायी माणसे दगावली आहेत. कबुतर आणि घूस-उंदीर यांची वजने जवळजवळ सारखी. कबुतराचा चयापचय अधिक तीव्र, तापमान अधिक. पर्लच्या हिशेबाने त्याने आधी मरावयास हवे. उंदीर तीन-चार वर्षांत आटोपतो आणि कबुतर पस्तीस वर्षांपर्यंत जगू शकते. यावर हार्मनच्या अनुयायांचे उत्तर असे की कबुतराच्या तंतुकणिकांतून मूलकांची गळतीच कमी. आणि तशी ती कमी असल्याचे मोजमापही झालेले आहे. ठीक. पण मग मूलके शमविणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या तर कर्करोगही टळावा आणि आयुष्यही वाढावे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल लागला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण तेथे वाढ २८ टक्क्यांची दिसली. मूलके ही केवळ गंज नव्हेत; बिघडलेल्या पेशीला मरावयास भाग पाडण्यातही त्यांचा हात असतो. शत्रू समजून ज्याला हद्दपार केले तो निम्मा पहारेकरी होता.

मामा : गोळ्यांचा पक्ष मी घेत नाही. पण तंतुकणिकांच्या जनुकद्रव्याचा घेतो. त्यात अवघी ३७ जनुके, १६,५६९ अक्षरांचा लहानसा लेख, फक्त आईकडून येणारा, आणि तो ठेवलेला कोठे, तर भट्टीच्या तोंडाशी. २००४ मध्ये स्वीडनच्या मंडळींनी असे उंदीर घडविले की ज्यांच्यात त्या लेखाची नक्कल करणारा विकर प्रत तपासून पाहत नाही. त्या नकला चुकांनी भरल्या, आणि उंदीर ऐन तारुण्यात पाठीला पोक आलेले, केस गळालेले, अशक्त होऊन लवकर मेले.

भाची : तो प्रयोग मला मान्य आहे, एक पुरवणी जोडून : त्या उंदरांत मूलकांनी केलेली हानी विशेष वाढलेली आढळली नाही. कारभार खालावल्यामुळे म्हातारपण आले, गंजामुळे नव्हे. आणखी एक उंदीर मला तुमच्यापुढे उभा करावयाचा आहे. पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीचे विभाजन थांबविते किंवा तिला मरावयास लावते. कर्करोगाविरुद्धचा तो मुख्य पहारा. २००२ मध्ये अमेरिकेत असे उंदीर निघाले की ज्यांच्यात हा पहारा नेहमीपेक्षा कडक होता. त्यांना अर्बुदे फारशी झाली नाहीत. पण ते लवकर म्हातारे झाले, हाडे ठिसूळ झाली, आणि इतर उंदरांच्या आधी मेले. कर्करोग आणि वार्धक्य एकाच रोगाची दोन रूपे, असे तुम्ही नेहमी म्हणता; मला त्यात भाऊबंदकी दिसते. विभाजन सैल सोडा, अर्बुद होते. आवळून धरा, झीज भरून निघत नाही. तरुण शरीर या दोहोंच्या मध्ये पुष्कळ वर्षे तोल सांभाळते, एवढेच.

मामा : तरीही दोघांवर एकच इलाज लागू पडतो, हे तू विसरतेस. पेटन राउस याने १९१४ मध्ये दाखविले की उपाशी ठेवलेल्या उंदरांत अर्बुदांची वाढ मंदावते. क्लाइव्ह मॅके याने १९३५ मध्ये कॉर्नेलला उंदरांचे अन्न तोडले, पण जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे ठेवले, आणि ते कितीतरी अधिक जगले. अन्न म्हणजे ऊर्जा. ऊर्जा कमी केली की कर्करोगही लांबतो आणि वार्धक्यही लांबते. माझी फिर्याद मी येथवर आणून ठेवली आहे.

भाची : आणि मी ती पुढे नेते. माकडांवर हा प्रयोग दोन ठिकाणी झाला. विस्कॉन्सिनच्या मंडळींना २००९ मध्ये लाभ दिसला, दुसऱ्या संस्थेने २०१२ मध्ये कळविले की आयुष्य काही वाढले नाही. कर्करोग मात्र दोन्हीकडे घटलेला. पण अन्न तोडल्याने पेशी कमी जळते म्हणून हे घडते, हा अर्थ मला पटत नाही. अन्न मुबलक आहे ही वार्ता पेशीला देणारी एक यंत्रणा आहे, तिला एमटॉर म्हणतात. ती जागी असेपर्यंत पेशी बांधकाम करते, आणि ती निजली की जुनी मोडकी सामग्री, त्यात निकामी तंतुकणिकाही, मोडून साफ करते. अर्बुदात ही यंत्रणा पुष्कळदा रात्रंदिवस जागी असते. तिला निजविणारे द्रव्य ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात वेगळे केले. रापामायसिन त्याचे नाव. २००९ मध्ये ते सहाशे दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या, उंदरांना दिले, आणि त्यांचे उरलेले आयुष्य लांबले. अन्न तेवढेच, बातमी बदलली!

मामा : म्हणजे मी आजपासून साखर सोडली तर उपयोग नाही म्हणतेस?

भाची : मधुमेहासाठी आणि वजनासाठी जरूर सोडा. पण माझ्याकडे ज्यांचे तुकडे येतात त्यांच्यातले कितीतरी रुग्ण, कोणीतरी सांगितले की कर्करोग साखरेवर पोसतो, म्हणून भात, फळे, दूध सारे टाकून देतात. रक्तातली साखर त्याने शून्यावर येत नाही. यकृत ती स्नायूंच्या प्रथिनांपासून करून घालते. अर्बुदाचे काही बिघडत नाही, रोगी मात्र वाळतो, आणि वाळलेल्या रोग्याला औषधाची पूर्ण मात्रा सोसत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचेही पहा. ते तंतुकणिकेच्या श्वसनशृंखलेच्या पहिल्याच पायरीवर आघात करते, आणि मधुमेही लोकांच्या नोंदींवरून वाटले की त्याने कर्करोग आवरेल. स्तनाच्या कर्करोगाच्या, मधुमेह नसलेल्या हजारो स्त्रियांना ते वर्षानुवर्षे देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला की रोग उलटण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही.

मामा : तुझे ते रापामायसिन तरी? उतारवयाच्या उंदरांना लागू पडले म्हणतेस. मीही उतारवयाचाच आहे.

भाची : मामा, ते औषध मूत्रपिंडाचे रोपण केलेल्यांना देतात, परक्या अवयवाला शरीराने झिडकारू नये म्हणून, म्हणजे ते प्रतिकारशक्ती दडपते. प्रयोगशाळेतले उंदीर गाळलेल्या हवेत राहतात, उकळलेले पाणी पितात, आणि त्यांना भेटावयास कोणी सर्दीपडसे घेऊन येत नाही. तुम्ही रोज सकाळी मंडईत जाता.

मामा : मंडई मी सोडणार नाही.

भाची : मग रापामायसिनही मागू नका.